गैरहजर मुलगी आणि शाळेतली नर्स

(भंडारा जिल्ह्यातील चिखला येथे महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

थंडी आहे, घरची कामे अर्धवट टाकून तुम्ही आला आहात, तेव्हा मी फार लांबण लावणार नाही. मला विषय दिला होता ‘शाळकरी मुलांचे आरोग्य आणि नर्सची भूमिका’. विषय वाचून आधी हसूच आले. गेली दहा-अकरा वर्षे मी गावोगावच्या शाळांमध्ये जाते आहे, पण मी गेले त्यातल्या एकाही जिल्हा परिषदेच्या शाळेत मला नर्स भेटलेली नाही. जी नाही तिची भूमिका काय सांगायची? मग वाटले, त्यावरच बोलावे. नर्स नसल्यामुळे काय होते हे तुम्हाला चांगले ठाऊक आहे. फक्त आपण त्याला तसे नाव देत नाही. आपण म्हणतो पोरगी किरकिरी आहे, अभ्यासाची चोर आहे, बाहेरचे लागले आहे.

एका मुलीची हकीकत सांगते. तिचे नाव, गाव, शाळा सांगणार नाही. चिखल्याची नाही एवढे सांगते, नाहीतर इथेच शोधाशोध सुरू व्हायची. मी नागपूरला एम.एस.डब्ल्यू. करून नुकती कामाला लागले होते. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथके शाळांमधून फिरू लागली होती. पथकात दोन डॉक्टर, एक औषधे देणारा आणि एक नर्स. आमच्या संस्थेने मला मदतीला पाठवले होते. मुलांच्या रांगा लावायच्या, वजन-उंची लिहायची, यादीवर खुणा करायच्या. मधल्या सुट्टीपर्यंत सगळी शाळा तपासून झाली. फॉर्मवर शेवटी एक रकाना होता, ‘गैरहजर’. मी स्वतःच्या हाताने त्यात नऊ लिहिले, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि काम वेळेत उरकले म्हणून खुशीत परत आले.

दीड-दोन महिन्यांनी दुसऱ्याच कामाला एका सरकारी दवाखान्यात गेले होते. तिथे सातवीतली एक मुलगी खाटेवर पाय पोटाशी घेऊन कण्हत होती. डोळे पिवळे, अंगात रक्त नाही. तिची आई उशाशी. बोलता बोलता शाळेचे नाव निघाले, तर तीच शाळा. आई म्हणाली, “बाई, लहानपणापासून हातपाय दुखते म्हणून रडते. मास्तर म्हणते नाटक करते. खेळाच्या तासाले उन्हात पळवलं तं आठ दिवस उठली नाही. अंगारा केला, वाताची सुई दिली, सारं केलं.” दवाखान्यात आल्यावर पहिल्यांदा कोणीतरी तिच्या रक्ताची साधी तपासणी केली. सिकलसेल निघाला, आणि तोही नुसता वाहक नाही तर पूर्ण आजार, ज्याला आपल्याकडे ‘एसएस’ म्हणतात.

मग त्या माउलीने मला विचारले, “शाळेत डॉक्टर आले होते ना बाई? मग तवा काहून नाही सापडलं?”

मी घरी जाऊन जुनी यादी काढली. त्या नऊमध्ये तिचे नाव होते. डॉक्टर आले त्या दिवशी ती दुखत होते म्हणून घरी पडली होती.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मला आजही सलते. वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीला कोण हजर असते? ज्या मुलांना त्या दिवशी बरे वाटते ती. आणि जिला खरी गरज आहे ती आजारी म्हणून घरी, नाहीतर रोवणीला, नाहीतर धाकट्याला सांभाळायला. वर्षाचा एक दिवस संपला की पथक पुढच्या गावाला जाते. त्यात पथकाचा दोष आहे असे मी म्हणत नाही, त्यांच्यामागेही शाळांची मोठी यादी असते. पण जी आली नाही तिच्या घरी जायचे काम कोणाचे? फॉर्ममध्ये तिच्यासाठी एक आकडा आहे, माणूस नाही.

हा प्रश्न नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात असेच होत होते. गरीब वस्त्यांमधल्या शाळांत डॉक्टर जायचे, खरूज, उवा, डोळे आलेले मूल दिसले की त्याला घरी पाठवायचे. संसर्ग पसरू नये म्हणून. मूल घरी जायचे, आईला इंग्रजी कळत नसायचे, हातातल्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते समजायचे नाही. मूल रस्त्यावर खेळत राहायचे आणि शाळा बुडायची. तेव्हा वस्तीत काम करणाऱ्या लिलियन वाल्ड या नर्सबाईंनी सुचवले की आमची एक नर्स महिनाभर शाळांत ठेवून पाहा. १९०२ च्या ऑक्टोबरात लिना रॉजर्स नावाची नर्स चार शाळांसाठी नेमली गेली. तिने केले काय, तर साधे मलम-पट्टीचे काम शाळेतच केले, आणि जे मूल घरी पाठवले त्याच्या पाठोपाठ संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली. औषध कसे लावायचे ते आईला दाखवले. गैरहजेरी इतकी झपाट्याने उतरली की लवकरच शहराने आणखी नर्सेस नेमल्या. म्हणजे शाळेतली नर्स जन्मालाच आली ती गैरहजर मुलांसाठी. आपण मात्र तपासणी घेतली आणि पाठोपाठ जाणारी बाई विसरलो.

आपल्याकडेही सुरुवात जुनीच आहे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १९०९ साली शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी झाली, देशातली ती पहिली मानतात. १९४६ साली भोर समितीने लिहिले की शाळांमधली आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच. १९६० साली सरकारने शालेय आरोग्यासाठी खास समिती नेमली. तिच्या अध्यक्ष होत्या रेणुका राय, संविधान सभेत बसलेल्या मोजक्या स्त्रियांपैकी एक. पुढच्याच वर्षी अहवाल आला. अहवालांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती.

आता आपल्या भागाकडे येते. सिकलसेल विदर्भात आहे हे काही काल-परवा कळलेले नाही. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिले होते. २०२३ च्या १ जुलैला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, असे ठरले. चांगलेच आहे. पण १९५८ आणि २०२३ यांच्यामध्ये किती मुलींना ‘नाटकी’ ठरवले गेले असेल, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

आजार थोडा समजून घेऊ. सिकल म्हणजे विळा, आपला इळा. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि मऊ असतात, बारीक नळीतूनही सटकतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात, नळीत अडकतात. पुढे रक्त पोहोचत नाही आणि मग ती मुलगी रडते तसे दुखते. कशाने वाढते? थंडीने, तापाने, अतिश्रमाने, आणि शरीरातले पाणी कमी पडले तर.

इथे जरा थांबते आणि एक विचारते. तुमच्यापैकी शाळेत असताना जायला लागू नये म्हणून पाणी न पिता दिवस कोणी काढला? हात वर करा. बघा, सगळीकडे हातच हात. माझाही आहे. मी ज्या शाळेत शिकले तिथे मुलींच्या मुतारीला दार होते पण कडी नव्हती, आणि पाणी तर नव्हतेच. आम्ही सकाळी घोटभर चहा पिऊन निघायचो ते थेट घरी येऊन तांब्या तोंडाला लावायचो. मैत्रीण मैत्रिणीला पाळत असताना दारावर उभी करायची. याला आम्ही त्रास म्हणत नव्हतो, मुलीच्या जातीला हे असेच, असे समजत होतो.

आता त्या आजारी मुलीचा विचार करा. तिने पाणी भरपूर प्यायला हवे. आणि या आजारात मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून तिला लघवीला वारंवार जावे लागते. रात्री अंथरूणही ओले होते, त्यासाठी मार खाल्लेली मुले मी पाहिली आहेत. म्हणजे पाणी पिणे आणि बाहेर जाणे, नेमक्या याच दोन गोष्टी तिने पुन्हा पुन्हा करायच्या आहेत, आणि शाळेत मुलीला याच दोन गोष्टी करता येत नाहीत. पाण्याची टाकी कोरडी, मुतारीला कुलूप, आणि तासाला हात वर केला की सर म्हणणार, “आत्ताच गेली होतीस ना?” एका कुलपाची किल्ली कोणाच्या खिशात आहे यावर त्या मुलीचा आठवडा अवलंबून असतो. हे कोणत्या डॉक्टरला वर्षातून एकदा येऊन कळणार? हे कळेल रोज शाळेत असणाऱ्या बाईला, जी वर्गशिक्षकांना सांगेल की या मुलीला विचारल्याशिवाय जाऊ द्या, तिच्या बाकावर पाण्याची बाटली राहू द्या, थंडीत परिपाठाला तिला उघड्यावर उभी करू नका, आणि ताप आला तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. या मुलांना ताप म्हणजे साधी गोष्ट नाही, ही खूणगाठ बांधा.

गोळ्यांचेही तसेच. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी द्यायची योजना आहे, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. जंताची गोळी असते. या गोळ्या चांगल्या आहेत. आपल्या मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, त्यांनी त्या घ्याव्यात, जेवणानंतर घ्याव्यात. गैरसमज नको. पण ज्या मुलाला वरचेवर रक्त चढवावे लागते त्याला लोहाची गोळी अशी सरसकट द्यायची नसते, डॉक्टरने पाहून ठरवायचे असते. ज्याला ताप आहे त्याला त्या दिवशी थांबवायचे असते. हे पाहायला गोळी देणाऱ्याला मूल माहीत असावे लागते. गणित शिकवता शिकवता डबीतून गोळ्या मोजून देणाऱ्या बाईंनी हेही पाहावे, अशी आपली अपेक्षा.

आणखीही कितीतरी आहे, भराभर सांगते. फळा दिसत नाही म्हणून मागे पडलेली मुलगी ‘मठ्ठ’ ठरते. चष्मा मिळाला तर घरचे म्हणतात लावू नको, स्थळ यायचे नाही. पाळी आल्यावर महिन्याचे चार दिवस शाळा बुडते. हाताला वळ असलेले मूल कोणाला सांगणार? शिक्षक गावातलेच, घरच्यांच्या ओळखीचे. नर्सकडे पोट दुखते म्हणून जाता येते, आणि दार लोटून घेतल्यावर दुसरे काहीतरी बोलता येते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक केले आहे, पण आधी कोणाला तरी कळावी लागते.

त्या मुलीच्या आईकडे परत येते. आजार कळल्यावर सासरी पहिले वाक्य काय ऐकू आले असेल? “तुह्या बापाच्या घरचा रोग हाय.” नवरा गप्प. नवऱ्याचे रक्त तपासायला तीन खेपा माराव्या लागल्या, मी स्वतः गेले होते. निघाला वाहक. बाई पण वाहक. मैत्रिणींनो, हे पाठ करून ठेवा: पूर्ण आजार होण्यासाठी आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्हींकडून यावे लागते. दोघे वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता पूर्ण आजाराची. एक वाहक आणि दुसरा निर्दोष असेल तर पूर्ण आजाराचे मूल होत नाही. आणि वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. एवढे साधे गणित आहे, पण दोष मात्र सगळा बाईच्या माहेरावर.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. औषध चालू आहे, थंडीत अजून दुखते, पण बारावी झाली. स्थळे येतात. तिच्या आईने मला विचारले, सांगू का लपवू? मी म्हटले, सांग, आणि मुलाचा रिपोर्ट माग. आईने तसे केले तर पाहुणे उठून गेले. मुलीचा रिपोर्ट हवा असतो, मुलाचा मागितला की अपमान होतो. मी दिलेला सल्ला बरोबर होता असे मला अजूनही वाटते, पण त्या घरी पुढच्या वेळी गेले तेव्हा चहा घेताना मान वर करवत नव्हती.

मग करायचे काय? सरकार म्हणते, शाळेत आरोग्यदूत आहेत. २०२० पासून प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना आरोग्य आणि निरामयतेचे दूत करायचे ठरले, त्यांना प्रशिक्षण द्यायचे. शिक्षकांकडे निवडणूक आहे, जनगणना आहे, खिचडीचा हिशेब आहे, त्यात हेही. दुसरे उत्तर येते, उपकेंद्राची सिस्टर आहे ना! सिस्टरच्या वाट्याला नियमाने पाच हजार लोकसंख्या, आदिवासी भागात तीन हजार. लसीकरण तिचे, गरोदर बायका तिच्या, रजिस्टरे तिची. तिसरे उत्तर, आशाताई. चौथे, अंगणवाडीताई. माझ्या लक्षात असे आले की मुलांच्या आरोग्याचा प्रश्न आला की सरकारला दरवेळी एक बाई सापडते, आणि तिला द्यायला पगार सापडत नाही, मानधन सापडते.

म्हणून मागणी करताना आपण सांभाळून करायची. शाळेला किंवा चार-पाच शाळांच्या केंद्राला एक शिकलेली नर्स हवी, पूर्ण पदावर, पूर्ण पगारावर. आशाताईच्या डोक्यावर आणखी एक टोपली नको. नर्सिंगचे काम आपल्या समाजाने नेहमी हलके मानले. नागपूरच्या कमलाताई होस्पेट तरुणपणी विधवा झाल्या, नर्स-सुईण झाल्या आणि १९२१ मध्ये त्यांनी मातृसेवा संघ उभा केला. त्यांच्या काळी बायकांच्या आजाराला बाईच हात लावेल, म्हणून त्या कामाची गरज लोकांना पटली. आज गरज पटते, पण किंमत पटत नाही.

‘एवढ्या शाळांना नर्स कुठून आणायच्या’ असे म्हणणाऱ्यांना तुम्ही चिखल्याच्या बायकांनी एक उत्तर द्यायचे. चिखला म्हटले की जगाला मँगनीजची खाण आठवते. इंग्रजांच्या काळापासून इथल्या भागात हा धातू निघतो, १९६२ पासून सरकारी कंपनी आहे. १९५५ च्या खाण नियमांनी ठरवून दिले होते की खाणकामगाराची कामावर घेताना आणि पुढे निदान पाच वर्षांतून एकदा डॉक्टरी तपासणी झालीच पाहिजे, आणि प्रथमोपचार शिकलेला माणूस कामाच्या जागी असलाच पाहिजे. मालकांच्या दयेने हे झाले नाही. जमिनीखाली माणसे मेली, कामगार भांडले, तेव्हा झाले. तुमच्यापैकी कितीजणींच्या घरातले लोक खाणीत गेलेले आहेत, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मग ज्या शाळेत आपले मूल दिवसाचे पाच-सहा तास असते, तिथे प्रथमोपचार येणारे एकही माणूस नसले तरी चालते, हे कसे?

आश्रमशाळांत तर मुले रात्रीही तिथेच असतात. तिथल्या मुलांच्या मृत्यूंचा प्रश्न एवढा गंभीर झाला की २०१६ मध्ये राज्यपालांनी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आईबाप दूर, रात्री ताप चढला तर अधीक्षकाला उठवायचे धाडस सात वर्षांच्या मुलीने करायचे. नर्स आधी कुठे द्यायची असे मला कोणी विचारले, तर मी आधी आश्रमशाळा म्हणेन, मग बाकीच्या.

पद मंजूर होईपर्यंत वाट पाहत बसायचे का? नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असतात. म्हणजे तुम्ही असता. सह्या करता. मिनिट बुकात काय लिहिले आहे ते वाचून दाखवा म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी मांडा. मुलींच्या मुतारीला कुलूप राहणार नाही आणि पाणी असेल. आरोग्य पथक यायची तारीख पालकांना आधी कळेल, आणि त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची नावे, आकडा नव्हे, नावे, समितीपुढे येतील आणि त्यांना आठवड्याच्या आत आरोग्य केंद्रात नेले जाईल. तिसरे, शाळेला नर्स हवी असा ठराव, तो ग्रामसभेत आणि तिथून जिल्हा परिषदेला.

दुसऱ्या गोष्टीसाठी मी एक शंभर पानी वही आणली आहे. काही छापील नाही, पट्टीने रेघा मारल्या आहेत. नाव, वर्ग, किती दिवस आली नाही, का आली नाही, घरी कोण जाऊन आले. ‘का’चा रकाना मुद्दाम मोठा ठेवला आहे. ‘आजारी’ एवढेच लिहायचे नाही, काय दुखते, कधीपासून, थंडीत दुखते का, ते लिहायचे. मागे एका गावात बायकांनी असे तीन महिने केले. दोन मुली रक्त तपासायला गेल्या, एकीचे लग्न ठरवल्याचे कळले, आणि एक मुलगी फक्त तिचा फ्रॉक फाटला म्हणून येत नव्हती.

वही कोणी ठेवायची ते तुम्ही ठरवा. मी आज मुक्कामाला इथेच आहे, उद्या सकाळी परिपाठाच्या आधी शाळेच्या फाटकाशी थांबते. समितीत आपले नाव आहे की नाही हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी ते रात्री घरी विचारून या.